एडिसनजवळच्या दुकानगाळ्यांचा पहिला हिवाळा: फोम कुठला लावायचा, याच्या आधीचे प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत एडिसनजवळ आठ गाळ्यांची एकमजली इमारत तुम्ही या उन्हाळ्यात घेतली. छप्पर सपाट आहे, दोन गाळे रिकामे आहेत, एका गाळ्यात रेस्टॉरंट आहे. आधीच्या मालकाच्या काळात रिकाम्या गाळ्यात सीलिंगच्या वरचा पाइप थंडीत फुटला आणि शेजारच्या दुकानातही पाणी गेलं. म्हणून पाइपांना अर्धा इंची फोम लावावा की एक इंची, आणि अँटिफ्रीझ (पाणी गोठू न देणारं द्रावण) कोणतं भरावं, असं तुम्ही विचारलंय.

फोम एक इंची घ्या, सांधे टेपने बंद करा. पण तेवढ्याने पाइप वाचणार नाही. गोधडी अंगातली ऊब धरून ठेवते, स्वतः ऊब देत नाही. फोमचंही तसंच आहे. पाइपमधलं पाणी वाहत नसेल आणि भोवतालची हवा रात्रभर गोठणबिंदूच्या खाली असेल, तर फोममुळे पाणी गोठायला काही तास जास्त लागतील, इतकंच. रिकाम्या गाळ्यात पाणी दिवसेंदिवस हलत नाही, त्यामुळे त्या काही तासांचा उपयोग होत नाही. खरे प्रश्न तीन आहेत. तो पाइप इमारतीच्या गरम भागात आहे की बाहेर? बाहेरची हवा त्याच्यापर्यंत कुठून पोचते? आणि उष्णता बंद पडली तर ते कुणाला, किती वेळात कळतं?

यातलं बरंचसं तुमच्या इमारतीच्या बांधणीवर आणि भाडेकरारांवर अवलंबून आहे. आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरचे पाइप पाण्याने भरलेले आहेत की कोरडे, छपरावरच्या हीटिंग युनिटची देखभाल भाडेकरूकडे आहे की तुमच्याकडे, इन्सुलेशन छपराच्या डेकला (छपराच्या पत्र्याला किंवा फळ्यांना) लागून आहे की दुसरीकडे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून दोन्ही शक्यता धरून सांगतो. पुढे तापमान फॅरनहाइटमध्ये आहे. ३२ अंश म्हणजे शून्य सेल्सिअस.

आधी शिडी घेऊन सीलिंगच्या वर पाहा. अशा इमारतींत फॉल्स सीलिंग आणि छपराचा डेक यांच्यामध्ये दोन-चार फुटांची पोकळी असते आणि स्प्रिंकलरचे पाइप, बाथरूमच्या पाण्याच्या लाइनी त्याच पोकळीतून जातात. इन्सुलेशन डेकच्या वर किंवा डेकला चिकटून असेल, तर पोकळी गरम भागात येते आणि खालच्या खोलीची ऊब तिथे पोचते. पण कधीतरी कुणीतरी बिल कमी करायला फायबरग्लासच्या गाद्या सीलिंगच्या टाइलवर आडव्या टाकून ठेवतो. त्या क्षणी खोली गरम राहते आणि वरची पोकळी गरम भागाच्या बाहेर पडते. खाली थर्मोस्टॅट ६८ दाखवतो, वर पाइपजवळ २८ असतं. रिकाम्या गाळ्यात सीलिंगवरचा पाइप फुटला असं कळलं की मी सगळ्यात आधी या गाद्या शोधतो. सापडल्या तर काढून टाका. इन्सुलेशन वाढवायचंच असेल तर ते डेकपाशी वाढवा, म्हणजे पाइप त्याच्या आतल्या, गरम बाजूला राहील. बाहेरच्या भिंतीतून जाणाऱ्या पाइपलाही हाच नियम: इन्सुलेशन पाइप आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये हवं. पाइप आणि खोली यांच्यामध्ये भरलं तर तुम्ही पाइपची ऊब तोडली.

प्रत्येक गाळ्यात किमान तीन ठिकाणी टाइल उचला: दर्शनी काचेच्या मागे, मधोमध आणि मागच्या दाराजवळ. स्वस्तातला थर्मामीटर पाइपला बांधून ठेवता येतो. कमाल-किमान नोंदवणारा घेतला तर पहिल्या थंड रात्रीनंतर आकडा मिळतो, अंदाज बांधावा लागत नाही.

आता वारा. इलिनॉय विद्यापीठात पाइप गोठण्यावर झालेल्या संशोधनात इन्सुलेशन नसलेल्या, बिनगरम पोटमाळ्यातल्या पाइपांसाठी बाहेरचं तापमान २० अंशांवर आलं की सावध व्हावं, असा उंबरठा निघाला. तो आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, पण भिंतीतल्या फटीतून थेट पाइपवर वारा येत असेल तर पारा तेवढा उतरायच्या आधीच पाइप गोठू शकतो. दुकानगाळ्यांत या फटी ठरलेल्या जागी असतात. दुकानाची पाटी बसवताना भिंतीला पाडलेली आणि जुनी पाटी काढल्यावर उघडी राहिलेली भोकं. दर्शनी छज्ज्याच्या खालची पोकळी, जी आत सरळ सीलिंगच्या पोकळीला जोडलेली असते. केबल आणि गॅसच्या लाइनी भिंतीतून आत येतात तिथली जागा. मागच्या लोखंडी दाराखालची झिजलेली रबरपट्टी. वाऱ्याच्या दिवशी सीलिंगच्या वर अगरबत्ती धरली तर धूर कुठून ढकलला जातो ते दिसतं. इंचभर फट असेल तर आधाराची फोमदोरी घालून सीलंट, मोठी असेल तर कडक फोमचा तुकडा कापून कडेने फवारणीचा फोम. गाळ्यांमधली भिंत आगरोधक असेल तर तिथे साधा फोम चालत नाही, त्यासाठीचं मान्यताप्राप्त आगरोधक सीलंटच लागतं.

रेस्टॉरंटचा गाळा वेगळ्याने पाहायला हवा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट हूड जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी आत यावी म्हणून छपरावर वेगळं युनिट असतं. त्याचा हीटर बिघडला की स्वयंपाक्याच्या पाठीवर बर्फगार हवा पडते, आणि कुणीतरी ते युनिटच बंद करून टाकतं. मग हूड हवा खेचतो ती छज्ज्यातून, पाटीच्या भोकांतून, शेजारच्या गाळ्याच्या सीलिंगमधून. म्हणजे रेस्टॉरंटने बंद केलेल्या हीटरमुळे पाइप फुटतो तो तुमच्या रिकाम्या गाळ्यात. याहून गंभीर म्हणजे नैसर्गिक ओढीवर चालणाऱ्या गॅसच्या वॉटर हीटरचा धूर चिमणीतून वर जाण्याऐवजी आत खेचला जाऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. तपासणी सोपी आहे. हूड पूर्ण वेगाने चालू असताना मागचं दार दोन इंच उघडा. हवा जोरात आत येत असेल किंवा दार उघडायलाच ताकद लागत असेल, तर बाहेरून हवा आणणारं युनिट बंद आहे किंवा कमी पडतंय. ऑक्टोबरमध्येच त्याचा हीटर दुरुस्त करून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.

दोन रिकामे गाळे ही तुमची सगळ्यात कमजोर जागा. बिल वाचवायला तिथलं हीटिंग बंद करू नका. थर्मोस्टॅट ५५ वर ठेवा आणि त्यावर कुलपाचं झाकण लावा. ५५ हा आकडा खोलीतला आहे. सीलिंगच्या पोकळीत आणि कोपऱ्यांत त्याहून दहा-पंधरा अंश कमी असू शकतं, आणि पाण्याने भरलेल्या स्प्रिंकलर पाइपांभोवती किमान ४० अंश राहायलाच हवं, असं एनएफपीएचे (अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचे) नियम सांगतात. म्हणून पाइपजवळचा थर्मामीटर ४५ च्या खाली जाताना दिसला तर खोली ६० वर न्या. थर्मोस्टॅट बॅटरीवर चालत असेल तर बॅटरी आत्ताच बदला. संपलेल्या बॅटरीमुळे अख्खा गाळा थंड पडलेला मी पाहिला आहे, आणि युनिटमध्ये काहीही बिघाड नव्हता.

पिण्याच्या पाण्याची लाइन मात्र रिकाम्या गाळ्यात बंद करून रिकामी करा. गाळ्याचा व्हॉल्व्ह बंद, मग सगळ्यात उंच आणि सगळ्यात खालचे नळ उघडे, फ्लशच्या टाकीतलं पाणी सोडून द्यायचं. वॉटर हीटर रिकामा करण्याआधी त्याची वीज किंवा गॅस बंद करा; रिकाम्या टाकीत विजेचा एलिमेंट चालू राहिला तर काही सेकंदांत जळतो. सिंक, मोरी आणि कमोडच्या सापळ्यातलं (खालच्या वळणातलं) पाणी काढू नका, नाहीतर गटाराचा वायू आत येईल. त्यात गुलाबी रंगाचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं आरव्ही (राहण्याची सोय असलेल्या गाड्यांसाठीचं) अँटिफ्रीझ ओता. सिंकला साधारण दोन कप आणि कमोडला लिटरभर पुरतं. गाडीच्या रेडिएटरचं हिरवं अँटिफ्रीझ इथे वापरू नका, त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं एवढंच उत्तर आहे. स्प्रिंकलरमध्ये कुठलंही अँटिफ्रीझ स्वतः भरायचं नाही.

स्प्रिंकलरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नुकसान बहुतेक तिथूनच होतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. पण पाइप बहुधा बर्फाच्या जागीच फाटतो असं नाही. बर्फाचा बूच वाढत जातो आणि बूच व बंद टोक यांच्यामधल्या पाण्यावर दाब चढतो, तो पाइपच्या किंवा सांध्याच्या सगळ्यात अशक्त जागी बाहेर पडतो. साध्या नळाची धार बारीक सोडून ठेवली की हा दाब मोकळा होतो, म्हणूनच तो उपाय चालतो. स्प्रिंकलरच्या पाइपला असं उघडं टोक नसतं. एकच हेड, म्हणजे पाणी फवारणारं तोंड, फुटलं तरी दाबानुसार मिनिटाला १५ ते ४० गॅलन पाणी पडतं, आणि ते बंद करायचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे रात्री कुणाला ठाऊक नसतं. बर्फ असेपर्यंत बूचच पाणी अडवून धरतो, त्यामुळे गळती लगेच दिसत नाही. ऊन पडून बर्फ वितळला की पाणी सुटतं. थंडीची लाट ओसरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन येतात ते म्हणूनच.

म्हणून स्प्रिंकलरची मुख्य खोली आधी शोधा. तिथे छोटा, भिंतीला कायम जोडलेला हीटर हवा, दार नीट लागायला हवं आणि तापमान दाखवणारा काटा समोर दिसायला हवा. काचेच्या दोन दारांमधली छोटी जागा असेल आणि तिथे स्प्रिंकलर हेड असेल, तर ती इमारतीतली सगळ्यात थंड जागा असते. दार सतत उघडतं आणि रात्री तिथे उष्णता पोचत नाही. तिथला हीटर चालू आहे ना, एवढं पाहा. छज्ज्याखाली किंवा माल उतरवायच्या जागी हेड असतील तर ती कोरड्या प्रकारची आहेत की अँटिफ्रीझच्या लाइनवर, हे स्प्रिंकलर कंत्राटदाराकडून लेखी घ्या. अँटिफ्रीझची लाइन असेल तर त्यातलं द्रावण दर वर्षी थंडीच्या आधी तपासायचं असतं. एनएफपीए २५ (स्प्रिंकलरच्या तपासणी-देखभालीचं मानक) प्रमाणे ३० सप्टेंबर २०२२ नंतर जुनी, मान्यताप्राप्त नसलेली द्रावणं चालत नाहीत. जुन्या इमारतीत ती अजून भरलेली असू शकतात, तेव्हा विचारून घ्या.

इमारतीत कोरडी यंत्रणा असेल, म्हणजे पाइपांत दाबाची हवा, तर लोक निर्धास्त होतात. तसं होऊ नका. हवेतली वाफ आणि चाचणीनंतर उरलेलं पाणी उतारावर खालच्या टोकाला साचतं. त्या टोकांना दोन व्हॉल्व्हांमध्ये पाइपचा छोटा तुकडा असलेले निचरे असतात. वरचा व्हॉल्व्ह बंद करून खालचा उघडायचा, पाणी सोडायचं, खालचा बंद करून वरचा उघडायचा, मिनिटभर थांबायचं आणि पाणी येईनासं होईपर्यंत पुन्हा तेच. दोन्ही एकदम उघडले तर हवेचा दाब पडतो, मुख्य व्हॉल्व्ह सुटतो आणि सगळी यंत्रणा पाण्याने भरते, तीही गोठणाऱ्या थंडीत. असे निचरे कुठे कुठे आहेत त्याचा नकाशा मुख्य खोलीत टांगा. थंडीच्या आधी एकदा आणि थंडीत अधूनमधून ते रिकामे व्हायला हवेत.

छपरावरची गॅसची हीटिंग युनिटं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच चालवून पाहा. पहिली थंड रात्र आली की सगळ्या सर्व्हिसवाल्यांचे फोन वाजत असतात आणि तुमचा नंबर चौथ्या दिवशी लागतो. प्रत्येक युनिट हीटिंगवर किमान अर्धा तास सलग चालू द्या. दोन मिनिटं चालवून ‘गरम हवा येतेय’ म्हणणं पुरेसं नाही, कारण नेहमीचा बिघाड दहा-पंधरा मिनिटांनी दिसतो. फिल्टर कोंदलेला असला की हवा कमी वाहते, आतला हीट एक्स्चेंजर जास्त तापतो, सुरक्षेचा लिमिट स्विच गॅस तोडतो, थंड झाल्यावर पुन्हा पेटतो. असं दिवसरात्र चालू राहिलं की कडाक्याच्या थंडीत दुकान कधीच पुरतं तापत नाही आणि एक्स्चेंजरला तडा जाण्याची शक्यता वाढते. तंत्रज्ञाकडून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला तापमानफरक मोजून घ्या. तो युनिटच्या पाटीवर छापलेल्या मर्यादेत हवा. ज्वाला ओळखणारा सेन्सर साफ करणं, पट्ट्याचा ताण, हीट एक्स्चेंजरची तपासणी, गॅसचा दाब, एवढं त्याच्या अहवालात लिहिलेलं असावं. बाहेरची हवा आत घेणारी झडप हाताने आणि मोटरने दोन्ही प्रकारे हलवून पाहायला सांगा. उन्हाळ्यात ती उघडी अडकली असेल तर कुणाच्या लक्षात येत नाही. जानेवारीत तेच युनिट दहा अंशांची हवा आत ओढतं आणि कितीही गॅस जाळला तरी पुरत नाही.

भाडेकरारात युनिटची देखभाल भाडेकरूकडे असेल, तरी सर्व्हिसच्या पावत्या १ नोव्हेंबरच्या आत मागा. किमान तापमान ५५ ठेवायचं, सुट्टीवर जाताना हीटिंग बंद करायचं नाही आणि बंद पडलं तर तुम्हाला लगेच कळवायचं, हे करारात नसेल तर पुढच्या नूतनीकरणात घाला. तोवर साध्या पत्राने कळवा. फुटणाऱ्या पाइपचं पाणी कुणाच्या करारात काय लिहिलंय ते पाहून वाहत नाही.

गॅसचं मीटर आणि रेग्युलेटर मागच्या भिंतीला, पन्हळीखाली असेल तर त्यावर छोटं छप्पर करून घ्या. वरून गळणारं पाणी रेग्युलेटरच्या हवा जायच्या भोकावर गोठलं तर दाब बिघडतो. बर्फ काढणाऱ्या कंत्राटदाराला नकाशावर खूण करून द्या, म्हणजे तो बर्फाचा ढीग तिथे ढकलणार नाही. बाहेरचे नळ आतून बंद करा, बाहेरून उघडून ठेवा आणि रबरी पाइप काढून आत ठेवा. गोठणरोधक नळसुद्धा पाइप लावलेला राहिला तर फुटतो, कारण आतलं पाणी निघू शकत नाही. बागेच्या स्प्रिंकलर लाइनी असतील तर कॉम्प्रेसरने पाणी उडवून देणाऱ्याला ऑक्टोबरमध्येच बोलवा. पॉलिथिलीनच्या पाइपला साधारण ५० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) वर दाब देऊ नये. बाहेर बसवलेल्या बॅकफ्लो यंत्राचे (पाणी उलट मागे जाऊ न देणाऱ्या)  बॉल व्हॉल्व्ह रिकामे केल्यावर ४५ अंशाच्या कोनात अर्धवट ठेवा. पूर्ण बंद किंवा पूर्ण उघडे ठेवले तर बॉलच्या आत अडकलेलं पाणी गोठून व्हॉल्व्हचं अंग तडकतं.

छपराकडे पानगळ संपल्यावर, साधारण नोव्हेंबरच्या शेवटी, एकदा तरी चढायलाच हवं. निचऱ्याच्या जाळ्यांवरची पानं काढा, बादलीभर पाणी ओतून ते खाली उतरतं का पाहा, पॅरापेटमधली (छपराच्या कडेच्या बुटक्या भिंतीतली) आपत्कालीन भोकं मोकळी करा. निचरा तुंबला की पाणी साचतं, गोठतं, त्यावर बर्फ पडतो आणि वितळताना सगळं पुन्हा तिथेच थांबतं. इंचभर पाण्याचं वजन दर चौरस फुटाला सुमारे ५ पौंड. नव्या, हलक्या बर्फाचा १० ते १२ इंचांचा थर किंवा दबलेल्या जुन्या बर्फाचा ३ ते ५ इंचांचा थर, दोन्हींचं वजन साधारण तेवढंच भरतं. म्हणून बर्फाची नुसती जाडी पाहून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. बर्फावर पाऊस पडला तर जाडी कमी होते आणि वजन वाढतं. तुमच्या छपराची क्षमता मूळ नकाशावर दर चौरस फुटाला इतके पौंड अशी लिहिलेली असते. नकाशा नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरकडून एकदा काढून घ्या.

वजन सगळीकडे सारखंही नसतं. वारा बर्फ उडवून पॅरापेटपाशी, मोठ्या युनिटच्या आडोशाला आणि शेजारच्या उंच भिंतीपाशी ढीग करतो. मधे चार इंच आणि कोपऱ्यात तीन फूट, हे सहज होतं. आत काय पाहायचं ते तुमच्या भाडेकरूंना सांगून ठेवा: दारं अचानक घट्ट होणं, सीलिंगच्या टाइल वाकणं, नव्या भेगा, कडकड आवाज, आणि स्प्रिंकलरची हेड सीलिंगच्या पातळीखाली आलेली दिसणं. शेवटची खूण बहुतेकांना माहीत नसते. पाइप छपराच्या तुळयांना टांगलेले असतात, सीलिंगला नाही. म्हणून छप्पर वाकलं की हेड खाली उतरतात. यातलं काही दिसलं तर आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि मग फोन करा. छपरावर कुणालाही पाठवू नका. बर्फ काढायची वेळ आली तर ते काम विमा असलेल्या माणसांकडून, प्लॅस्टिकच्या फावड्याने, दोन-तीन इंचांचा थर छपराच्या जलरोधक पडद्यावर तसाच ठेवून करून घ्या. एका बाजूचा बर्फ दुसरीकडे साठवू नये आणि छपरावर मीठही टाकू नये.

जमिनीवरच्या बर्फात कायद्याचा भाग येतो. न्यू जर्सीत व्यापारी इमारतीच्या मालकाने लगतचा फुटपाथ सुरक्षित ठेवायचा असतो, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ पासून मानलं आहे. २०२१ च्या निकालानंतर वादळ चालू असताना सहसा साफ करण्याची जबाबदारी नसते, ती बर्फ थांबल्यावर वाजवी वेळात सुरू होते. पण तुमच्याच कृतीने धोका वाढला असेल किंवा आधीचा बर्फ तसाच राहिला असेल, तर ही सवलत मिळत नाही. नगरपालिकेची स्वतःची मुदत वेगळी असते, ती त्यांच्या कार्यालयातून घ्या आणि कराराचा मसुदा वकिलाला दाखवा. मी भर देतो तो इमारतीने स्वतः तयार केलेल्या बर्फावर. पन्हळीचा पाइप फुटपाथवर पाणी सोडत असेल, तर दुपारी वितळून रात्री गोठलेला आरशासारखा थर रोज पहाटे तिथे असेल. मध्य जर्सीत पारा ३२ च्या वरखाली सारखा होत राहतो, म्हणून इथे पडणाऱ्या बर्फाइतकाच हा पुन्हा गोठणारा बर्फ माणसं पाडतो. त्या पाइपची दिशा बदला. बर्फाचे ढीगही पार्किंगच्या उताराच्या खालच्या बाजूला, निचऱ्याजवळ ठेवायला सांगा, म्हणजे वितळलेलं पाणी रस्ता ओलांडून जाणार नाही. अपंगांसाठीच्या जागा, अग्निशमनाचा हायड्रंट आणि स्प्रिंकलरची बाहेरची जोडणी यांच्यापुढे ढीग नकोत.

बर्फ काढण्याच्या कंत्राटात किती इंच बर्फावर गाडी येणार (दुकानांसाठी एक इंच ठीक, दोन इंच मला जास्त वाटतात), फुटपाथ आणि मीठ किमतीत धरलंय का, पुन्हा गोठलेल्या पहाटे कोण येणार आणि प्रत्येक फेरीची वेळ लिहिलेली नोंद मिळणार का, हे असू द्या. साधं मीठ पृष्ठभागाचं तापमान १५ अंशांपर्यंत असेल तोवर उपयोगी पडतं. त्याखाली ते टाकत राहणं व्यर्थ, तिथे कॅल्शियम क्लोराइड लागतं. प्रमाणही लोक फार चुकवतात. बारा औंसाचा कॉफीचा मग भरून मीठ फुटपाथच्या साधारण दहा चौकोनांना पुरतं. आधी फावड्याने काढायचं, मग मीठ. याच वर्षी ओतलेल्या नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ नको, नुसती वाळू टाका.

विम्याची पॉलिसी आत्ताच काढून दोन कलमं वाचा. बऱ्याच व्यापारी पॉलिसींमध्ये नळाचे पाइप गोठून झालेलं नुकसान तेव्हाच भरलं जातं, जेव्हा तुम्ही हीटिंग चालू ठेवायचा प्रामाणिक प्रयत्न केलेला असतो किंवा पाणी बंद करून लाइन रिकामी केलेली असते. दुसरं, सर्वसाधारण नमुन्यात मालकाच्या इमारतीचं ३१ टक्क्यांहून कमी क्षेत्रफळ वापरात असेल आणि ती अशी ६० दिवसांहून जास्त राहिली तर ती रिकामी धरतात आणि पाण्याच्या नुकसानीचं संरक्षण जातं. आठांपैकी दोनच गाळे रिकामे असल्याने तुम्ही त्यात बसत नसणार, पण एजंटकडून लेखी घ्या. थर्मोस्टॅटचा फोटो, सेन्सरच्या नोंदी, सर्व्हिसच्या पावत्या एका फोल्डरमध्ये तारखेसह ठेवा.

आणि तो तिसरा प्रश्न, कुणाला कधी कळतं. प्रत्येक रिकाम्या गाळ्यात एक तापमानाचा आणि जमिनीवर एक पाण्याचा सेन्सर लावा, मोबाइल नेटवर्कवर चालणारा आणि बॅटरी असलेला, म्हणजे वीज किंवा वायफाय गेलं तरी संदेश येतो. पहिला इशारा ५० वर, दुसरा ४५ वर. तापमानाचा सेन्सर काउंटरवर ठेवू नका, सीलिंगच्या वर पाइपजवळ ठेवा. संदेश तुम्हालाच नव्हे, दहा मिनिटांत पोचू शकेल अशा स्थानिक माणसालाही जायला हवा, आणि त्याच्याकडे किल्ली हवी. हे बसवायला काही शे डॉलर लागतात आणि माझ्या मते पूर्ण यादीत हा खर्च सगळ्यात महत्त्वाचा आहे.

कामाचा क्रम असा धरा. सप्टेंबरअखेर सीलिंगची पाहणी आणि युनिटची सर्व्हिस, ऑक्टोबरात फटी, बाहेरचं पाणी, स्प्रिंकलरची तपासणी आणि बर्फाचं कंत्राट, नोव्हेंबरात छप्पर, सेन्सर आणि भाडेकरूंना पत्र. पैसे कमी असतील तर सेन्सर, टाइलवरच्या गाद्या आणि रिकाम्या गाळ्यांचं पाणी या तीन गोष्टी सोडू नका.

थंडीची लाट जाहीर झाली की पारा कधी कोसळतो हे पाहा. २३ डिसेंबर २०२२ ला इथे दिवसा पन्नाशीत असलेला पारा रात्रीपर्यंत दहाच्या आसपास आला. अशा दिवशी रात्री तापमान कमी करायची थर्मोस्टॅटची वेळापत्रकं बंद ठेवा, बाहेरच्या भिंतीवरच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवायला सांगा, आणि सुट्टी असेल तर सकाळ-संध्याकाळ कुणीतरी प्रत्येक गाळ्यात डोकावून यावं.

तरीही पाइप गोठलाच, म्हणजे नळाला थेंबही येत नाही, तर आधी गाळ्याचा व्हॉल्व्ह बंद करा, मग नळ उघडा आणि नळाच्या बाजूकडून मागे मागे हेअर ड्रायरने किंवा खोलीतली ऊब वाढवून वितळवा. टॉर्चची ज्योत कधीही वापरू नका. स्प्रिंकलरचा पाइप गोठल्याचा संशय आला तर स्वतः वितळवायला जाऊ नका, कंत्राटदाराला बोलवा. फुटून पाणी येऊ लागलं तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, लगेच अग्निशमन विभागाला आणि अलार्म कंपनीला कळवा. दुरुस्ती होईपर्यंत यंत्रणा २४ तासांत १० तासांहून जास्त बंद राहणार असेल तर एनएफपीए २५ प्रमाणे इमारत रिकामी ठेवणं किंवा आगीवर नजर ठेवणारा माणूस नेमणं अशी व्यवस्था लागते. त्या व्हॉल्व्हला आजच लाल खूण करा, प्रत्येक भाडेकरूला तो प्रत्यक्ष दाखवा आणि खोलीची एक किल्ली इमारतीजवळ राहणाऱ्या माणसाकडे द्या.